एकदाच धुतलेलं

दादाने चहाचा कप घ्यायला हात पुढे केला आणि तिला त्याची बोटं दिसली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, शेंड्यापासून पहिल्या पेरापर्यंत काळं. नखांच्या कडेला तर तो काळेपणा आत मुरलेला. यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. तिला आठवतंय तेव्हापासून दादाची बोटं काळीच होती. अर्ध्या वस्तीचे पांढरे केस काळे करून देणाऱ्या न्हाव्याची बोटं दुसऱ्या कुठल्या रंगाची असणार? लहानपणी त्या बोटांनी त्याने पाव मोडून दिला की ती बोट लागलेला तुकडा हळूच खिशात टाकायची आणि नंतर बाहेर कुत्र्याला घालायची. आत्ताही कप त्याच्या हातात गेला, बशी तिच्या हातात राहिली, आणि जुन्या सवयीने तिच्या ओठांची एक कड वाकडी झाली. मग मनात काहीतरी अडखळलं. दुकान तर उन्हाळ्यापासून बंद होतं. पाय टेकवत नव्हता म्हणून दादाने कात्री खाली ठेवली होती, कलपाच्या वाटीला त्याचा हात लागून कितीतरी आठवडे झाले होते. आणि कलप तर चार दिवसांत उतरतो. सुटी घेतली की बोटं पुन्हा माणसाची होतात, असं तो स्वतःच हसून म्हणायचा.

"कुणाला कलप लावलास का रे?" तिने विचारलं.

"इथे? समोरच्या खाटेवरच्या आजोबांना लावला असता," दादा फुंकर मारत म्हणाला, "पण त्यांना केस कुठायत."

वॉर्ड लांबलचक होता. दोन्हीकडे खाटा, वर संथ फिरणारे पंखे, आणि एक वास. त्या वासाला नाव नव्हतं, कारण तो एकट्याचा नव्हता. फिनेल होतं, शिळं दूध होतं, रात्रभर अंगाखाली तापलेलं रबर होतं, आणि या सगळ्याच्या खाली काहीतरी गोडसर, नासत चाललेलं. आल्यापासून ती तोंडाने श्वास घेत होती. सकाळी सर्जन येऊन गेले तेव्हा ती दारापाशी उभी राहून सगळं ऐकत होती. आत जायचं धैर्य तिला झालं नाही. जरा वेळाने जाते, असं तिने स्वतःला सांगितलं. सर्जन घाईत होते. "पायाचं काळं वर सरकतंय," ते म्हणाले. "वाट बघण्यात अर्थ नाही. पावलाचा पुढचा भाग काढावा लागेल. उद्या सकाळी घेतो." वहिनी तोंडावर हात घेऊन मटकन खाली बसली. दादाने मात्र एकच विचारलं, उभं राहता येईल का. चालाल की, काठी घेऊन आरामात चालाल, सर्जन म्हणाले. "चालत कुठे जायचंय मला, डॉक्टर," दादा म्हणाला, "मला उभं राहायचंय. दिवसभर. खुर्चीच्या मागे." वहिनी घरून कपडे आणायला गेली आणि जाताना हिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, तू आहेस ना, मग मला घोर नाही.

तिला घरात शीबाई म्हणत. हे नाव दादानेच ठेवलेलं. आईवडील गेले तेव्हा ती शाळेत जायच्या वयाची होती आणि दादाला नुकती मिसरूड फुटलेली. वडिलांची खुर्ची, वडिलांचा आरसा, वडिलांची गिऱ्हाइकं, सगळं त्याच्या गळ्यात पडलं आणि त्यातच ही. दुकानाच्या मागच्या खोलीत दोघं राहत. संध्याकाळी दुकान झाडायचं काम तिचं होतं, आणि ते तिला जमायचं नाही. ओले केस, पांढरे, करडे, काळे, एकात एक गुंतलेले, फरशीला चिकटून बसलेले. झाडूला ते लागले की तिच्या अंगावर काटा यायचा. शी. कोंडा, शी. दाढीच्या फेसात मिसळलेले खुंट, शी. कुणाच्या मानेवरचं गळू दादा बोटाने हळूच बाजूला दाबून वस्तरा फिरवायचा, तर ती पडद्याआड जाऊन ओकायची बाकी राहायची. दादाला यातलं काहीच लागत नव्हतं. डोक्यात जखम झालेलं पोर असो, आजारी म्हाताऱ्याची न धुतलेली दाढी असो, तो हातात घ्यायचा, जणू हात त्यासाठीच दिलेले आहेत. कधीकधी वैतागून म्हणायचा, अगं, माणसाला माणसाची इतकी घाण वाटून कसं व्हायचं? पण रागवायचा नाही. झाडू तिच्या हातून घ्यायचा आणि स्वतः झाडायचा.

म्हणून तर ती रसायनशास्त्रात गेली. लोकांना ती वेगळी कारणं सांगायची, मुलाखतीत सांगितलेली कारणं तर फारच सुंदर होती. पण खरं कारण एवढंच की तिथे काच होती. स्वच्छ, थंड, कुणाच्या अंगाचा वास न लागलेली काच. आणि दैव असं खट्याळ की तिच्या वाट्याला आली घाणेरी. रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत, कुंपणाला, कुठेही माजणारं ते झुडूप, रंगीत फुलांचं, पण पान चुरडलं की नाक मुठीत धरावं असं. त्याचा पाला उकळायचा, गाळायचा, आणि तो काढा चांदीच्या क्षाराच्या पाण्यात घालायचा. पाणी आधी पिवळट होतं, मग दाट चहासारखं तपकिरी. म्हणजे पाल्यातल्या रसाने क्षारातली चांदी सुटी केली आणि तिचे अतिसूक्ष्म कण झाले, डोळ्याला कधी न दिसणारे. पहिल्यांदा तो रंग चढताना पाहिला तेव्हा ती वास विसरली होती, हे खरंच. साहेब, म्हणजे विभागाचे प्रमुख, मागे येऊन उभे राहिले होते. "विषारी रसायनं नाहीत, भट्टी नाही, धूर नाही," ते म्हणाले होते. "निसर्ग देतो, आपण फक्त ओंजळ पुढे करायची." ते असंच बोलत. व्यासपीठावर आणि संडासाबाहेरच्या बेसिनपाशी, दोन्हीकडे सारख्याच आवाजात. फक्त घाणेरी हा शब्द त्यांना चालायचा नाही. झाडाचं शास्त्रीय नाव घ्यायचं नाहीतर नुसतं वनस्पती म्हणायचं, अशी त्यांनी ताकीद दिली होती. नदीचं पाणी शुद्ध करायला वनस्पती, जखम भरायला वनस्पती. त्यांच्या तोंडून तो शब्द इतका गुळगुळीत होऊन बाहेर पडायचा की तिला त्याचीच किळस यायला लागली होती.

आणि धुणं. त्या तपकिरी पाण्यात कणांबरोबर न वापरला गेलेला क्षारही उरतो. म्हणून ते यंत्रात गरगर फिरवायचं, कण तळाशी बसतात, वरचं पाणी ओतून द्यायचं, नवं शुद्ध पाणी घालायचं, पुन्हा फिरवायचं. असं निदान तीनदा. यंत्राची खोली बिनखिडकीची, आत कोंडलेला काढ्याचा वास, कपड्यांना लागला की घरापर्यंत येणारा. पहिलं धुणं ती नाकाला रुमाल बांधून करायची. दुसऱ्याला डोकं धरायचं. तिसऱ्यानंतर तिला जेवण जायचं नाही. पण प्रश्न वासाचा नव्हता, असं ती स्वतःला सांगत आली. प्रश्न वर्तुळांचा होता. बशीतल्या पारदर्शक जेलीवर जंतू वाढवायचे, त्यांच्या मधोमध आपल्या औषधाचा थेंब टाकायचा, आणि थेंबाभोवती जंतू मेलेलं स्वच्छ वर्तुळ किती मोठं पडतं ते बघायचं. एकदा धुतलेल्या औषधाचं वर्तुळ पुनवेच्या चंद्रासारखं. दोनदा धुतलेल्याचं त्याच्या निम्मं. तीनदा धुतलेल्याचं म्हणजे शर्टाचं बटण. तिने साहेबांना तिन्ही बशा दाखवल्या. ते बटणाकडे बघून म्हणाले, धुण्यात माल वाया जातोय, कण वाहून जातायत, एकदा धुणं पुरे. ती म्हणाली, हो, तसंच असणार. इतकं सोपं होतं ते. खोलीत पुन्हा जावं लागणार नव्हतं, त्या आनंदात तिने पुढचा विचारच केला नाही. म्हणजे, विचार आला होता. शेवाळ तळाशी असतं तसा तो तळाशी होता, आणि तिला शेवाळाला हात लावायचा नव्हता.

दादाच्या पायाच्या करंगळीपाशी जखम झाली तेव्हा तिने त्याला त्याच एकदा धुतलेल्या औषधाच्या मलमाची बाटली दिली. रुग्णांवरच्या चाचण्या अजून सुरू व्हायच्या होत्या, कुणाला द्यायची परवानगी नव्हती, पण भावाला द्यायला कसली परवानगी? दादाने दुकानात येईल त्याला बाटली दाखवली. माझ्या बहिणीने केलंय, पाल्यापासून, चांदी आहे त्यात. त्याला साखरेचा आजार होता, दिवसभर उभं राहून पायांना भेगा पडलेल्या, आणि करंगळीची जखम हट्टी होती. तो विचारायचा, येऊन बघतेस का एकदा? ती म्हणायची, बघते. आली की बाहेरच्या खुर्चीत बसायची, आरशाकडे तोंड करून, आणि नवी बाटली ठेवून जायची. बाटली देणं हेच बघणं, असं तिने आपलं ठरवून टाकलं होतं. पाय गुंडाळलेलाच असायचा. ती पट्टी तिने कधी सोडवली नाही.

"दादा," ती आता म्हणाली, "तू मलम कशाने लावतोस?"

"बोटाने. आणखी कशाने? तुझी वहिनी घाबरते, म्हणून मीच लावतो." मग त्याने आवाज उतरवला. "इथेही लावतोय. नर्स पट्टी बांधून गेली की हळूच आत सारतो. घरचं औषध म्हटलं की डॉक्टर लोक ओरडतात, म्हणून सांगितलं नाही कुणाला." उशीखालून त्याने बाटली काढली. तळाला थोडंसं उरलं होतं. "काळं जिथवर गेलं, तिथवर लावत गेलो. काळं वर सरकलं की मी पण वर. सढळ हाताने. तुझं औषध आहे, त्यात कंजुषी कशाला."

ती खाटेच्या कडेवर बसली. तिच्या धंद्यातल्या प्रत्येकाला तो डाग माहीत असतो. चांदीच्या क्षाराचा थेंब कातडीवर पडला की आधी काहीच दिसत नाही, मग उजेड लागतो, आणि कातडी तपकिरी होते, मग काळी. नव्या विद्यार्थ्यांची त्यावरून थट्टा करायची रीत होती. धुऊन जात नाही, कातडी गळून पडेल तेव्हाच जाईल. चांगल्या धुतलेल्या कणांनी असं होत नाही. असं होतं ते उरलेल्या, न धुतलेल्या क्षाराने. म्हणजे पुनवेचा चंद्र पाल्याचा नव्हता, कणांचाही नव्हता. तो त्या उरलेल्या क्षाराचा होता, जंतू आणि कातडी यांच्यात भेद न करणाऱ्या. आणि घाणेरीचा हिस्सा म्हणजे ते शर्टाचं बटण. इतक्या वर्षांचं काम, इतकी भाषणं, आणि हातात बटण.

तिने बाटलीत बोट घातलं, मलमाचा ठिपका आपल्या डाव्या तर्जनीवर घेतला आणि खिडकीपाशी जाऊन उन्हात धरला. दादा मान वळवून बघत होता. काय करतेस, म्हणून त्याने विचारलं. थांब जरा, ती म्हणाली. खिडकीबाहेर रुग्णालयाचे कपडे वाळत होते, पांढऱ्या चादरींची रांगच, आणि कोपऱ्यातल्या एका चादरीवर न निघालेला जुना डाग. ती त्या डागाकडे बघत राहिली, कारण बोटाकडे बघवत नव्हतं. आयुष्यभर असंच तर केलं होतं. जे बघायचं ते सोडून शेजारचं काहीतरी बघत राहायचं, आणि नाक मुरडायला निमित्त शोधायचं. शेवटी तिने बोटाकडे बघितलं. मलमाखालची कातडी चहासारखी झाली होती.

आता पाय बघायला हवा होता. नर्स दूरच्या खाटेवर होती. ट्रेमध्ये हातमोजे होते. तिने ते चढवले, पट्टीचं टोक सोडवलं, एकेक वेढा उलगडत गेली, आणि आतला कापूस निघाला तेव्हा तिचे डोळे आपोआप मिटले. शीबाई. तिने ते उघडले. बोटांपासून पावलाच्या अर्ध्यापर्यंत काळं, कोळशासारखं, सुकलेलं, कडेला तपकिरी होत गेलेलं. कुणीही बघितलं असतं तर मेलेलं मांस म्हटलं असतं. सर्जनने म्हटलं, तर त्यात त्यांची काय चूक? तिने मोज्यातल्या बोटाने दाबून बघितलं. काही कळेना. मग तिने मोजे काढून ट्रेमध्ये टाकले आणि उघड्या हाताने भावाचं पाऊल धरलं.

ते ऊबदार होतं.

मधली बोटं ऊबदार, अंगठा ऊबदार, काळ्या पावलाच्या वरच्या बाजूला नाडी संथपणे चाललेली. फक्त करंगळी थंडगार, दगडासारखी, आणि तो गोडसर नासका वास तिथूनच येत होता. तिने वाकून तो हुंगला. मुद्दाम, पूर्ण नाकाने, आणि ओकारी घशातच दाबली. मग अंगठ्याच्या वरच्या काळ्या कातडीला तिने नख लावलं. कांद्याच्या सालीसारखा एक पापुद्रा सुटला. नखाखाली काळी भुकटी साचली. पापुद्र्याच्या खाली कातडी गुलाबी होती, नवी, आगाऊपणाने जिवंत.

"दुखतंय का?" तिने विचारलं.

"गुदगुल्या होतायत," दादा म्हणाला, आणि मग त्याचाच चेहरा बदलला. पायात काही कळतंय हे त्याच्याही आत्ताच ध्यानात आलं असावं. काळं पडल्यापासून त्याच्या स्वतःच्या बोटाखेरीज त्या पायाला कुणाचा उघडा हात लागला नव्हता. बाकीच्यांनी नुसतं बघितलं होतं.

तिने नर्सला हाक मारली, सर्जनना आत्ताच्या आत्ता बोलवा म्हणून सांगितलं. ते कपाळाला आठ्या घालूनच आले. तिने काही न बोलता पापुद्रा दाखवला, गुलाबी कातडी दाखवली, त्यांचा हात धरून अंगठ्यावर ठेवला. धरायला नको होता, पण धरला. सर्जन वाकले. एकेक बोट दाबून बघितलं, पावलाच्या वरची नाडी चाचपली, नखाने त्यांनीही थोडं खरवडलं. लाजल्यासारखे होऊन म्हणाले, "करंगळी जाईल. बाकीचं राहील असं दिसतंय. पण हे काळं कशाचं आहे?" आणि त्यांची नजर उशीशेजारच्या बाटलीवर गेली. "हे काय? कुणी दिलं?"

"बाजारातून आणलं, डॉक्टर," दादा पटकन म्हणाला. तिच्याकडे न बघता, गिऱ्हाइकाला थाप मारताना लागतो तसा सहज आवाज. "एक फेरीवाला होता. माझीच अक्कल. घरच्यांचा काही संबंध नाही."

किती सहज सुटली होती ती. पाय वाचला होता, फेरीवाला पळून गेला होता, आणि दादाने झाडू पुन्हा तिच्या हातून घेतला होता. तिच्या पर्समध्ये फोन थरथरला. साहेब असणार. सोमवारपासून याच रुग्णालयात, याच वॉर्डातल्या जखमांवर मलमाची चाचणी सुरू व्हायची होती. साहेबांनी त्याला एक गोड नाव दिलं होतं, बाटल्यांवर हिरवं पान छापून घेतलं होतं, आणि त्या खोक्यांत सगळं एकदाच धुतलेलं होतं. समोरच्या खाटेवरचे टक्कल पडलेले आजोबा मान उचलून सगळं ऐकत होते. त्यांच्याही टाचेला पट्टी होती. तिने त्या पट्टीकडे बघितलं. नजर सरकवायला जागा होती, खिडकी होती, चादरी होत्या. तिने सरकवली नाही.

"फेरीवाला नाही," ती म्हणाली. "मी केलंय ते. चांदीचा क्षार उरलाय त्यात, नीट धुतलेलं नाही. कातडी जाळतं आणि काळी करतं. आणि डॉक्टर, सोमवारी तुमच्या वॉर्डात जे हिरव्या पानाचं मलम येणार आहे, ते हेच. घेऊ नका. कुणाला लावू नका. मी लिहून देते."

सर्जनने बाटली उचलून उजेडात धरली, मग तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात जे होतं ते तिला चांगलं ओळखीचं होतं. फरशीवरच्या ओल्या केसांकडे ती असंच बघायची. ते म्हणाले, माझ्या खोलीत या, आणि बाटली रुमालात गुंडाळून घेऊन गेले.

तिने दादाचा हात हातात घेतला. काळी बोटं, तिचं एक काळं बोट. त्याने आधी तिच्या त्या बोटाकडे बघितलं. मग म्हणाला, "नीट धुतलं नव्हतं, हे तुला माहीत होतं?"

वर्तुळांबद्दल सांगावं, साहेबांबद्दल, त्या बिनखिडकीच्या खोलीबद्दल. सगळं तोंडाशी आलं आणि सगळं गुळगुळीत वाटलं.

"हो," ती म्हणाली. "वास यायचा रे, म्हणून."

दादाने मान हलवली, समजल्यासारखी. मग सावकाश आपला हात तिच्या हातातून काढून घेतला. कुणाच्या गळवाला, कुणाच्या कोंड्याला, कुणाच्या उवांना कधी न विटलेला तो हात त्याने चादरीच्या कोपऱ्याला पुसला, एकेक बोट करून, नीट. आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

ती खाटेशी उभी राहिली. जरा वेळाने खाली वाकून तिने पडलेला कापूस आणि पट्ट्या उघड्या हातांनी गोळा केल्या, काळे पापुद्रेही वेचले, आणि डबा कुठे आहे ते नर्सला विचारायला गेली.